तलावटोल्याची मतं

सोळाव्या फेरीनंतर गिरधारी पटलेंनी माझ्याकडे बघायचं सोडलं.

तोवर दर फेरीला ते माझ्या खुर्चीपाशी वाकून सांगत होते, "ताई, घाबरू नका. आपली गावं अजून उघडायची आहेत." पटले आमच्या पक्षाचे तालुकाध्यक्ष. त्यांच्याच गाडीत बसून मी अख्खा लाखेगाव मतदारसंघ पालथा घातला होता. आता ते दाराशी मोबाईल कानाला लावून उभे होते आणि त्यांची पाठ तेवढी मला दिसत होती.

मतमोजणी आयटीआयच्या शेडमध्ये होती. मे महिना, वर तापलेला पत्रा, कोपऱ्यातला कूलर नुसताच आवाज करत होता. आमचा मतमोजणी एजंट जाळीशी बसून प्रत्येक यंत्राचा आकडा लिहून घेत होता. तो उठून माझ्याकडे आला आणि काही बोलायच्या आधीच त्यानं मान खाली घातली.

"तलावटोला उघडला का?" मी विचारलं.

"उघडला."

"किती?"

"ताई, एकोणतीस."

मी परत विचारलं. त्यानं परत तेच सांगितलं. चारशेच्या वर मतदान झालेल्या केंद्रावर एकोणतीस. आणि ते केंद्र म्हणजे माझीच शाळा. ज्या वर्गात मी पोरांना पाढे शिकवले, त्याच वर्गात ते यंत्र ठेवलेलं होतं.

आमचे हे, देवानंद कापगते, दोनदा आमदार होते. दिवाळीनंतर एका सकाळी अंघोळ करून आले, छातीवर हात ठेवून पलंगावर बसले आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेले. तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी टेंभरेसाहेब घरी आले. मधुकरराव टेंभरे पक्षाचे प्रदेशाध्यक्ष, आमच्याच जिल्ह्याचे. देवानंदना राजकारणात आणलं तेही त्यांनीच. त्यांनी माझ्या सासूबाईंचे पाय धरले, मग मला म्हणाले, "बेटा, ही जागा आता तूच राखू शकतेस."

"मी जिल्हा परिषदेची मास्तरीण, साहेब. मला उभं राहायचं तर नोकरी सोडावी लागेल."

"आमदार झाल्यावर नोकरी कुणाला लागते?"

"आणि नाही झाले तर?"

तेव्हा ते हसले. "माझ्या जिल्ह्यात, देवानंदच्या जागेवर? बेटा, ही जागा गेली तर माझं अध्यक्षपद जाईल. मी ती जाऊ देईन असं वाटतं तुला?"

मला त्या बोलण्याचा धीर आला. मी राजीनामा दिला.

आता शेडच्या बाहेर फटाके वाजायला लागले. ते आमचे नव्हते. पटले शेवटी माझ्याकडे आले. "ताई, घरी चला. साहेब संध्याकाळी येतायत. तोवर पत्रकारांशी एक शब्द बोलू नका. तिकडची बातमी कळली ना? सरनोबतांनी त्यांची जागा काढली."

त्याच दिवशी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पोटनिवडणुकीचा निकाल होता. ती जागा अरविंद सरनोबतांच्या जिल्ह्यातली. सरनोबत पक्षाचे कार्याध्यक्ष, आणि टेंभरेसाहेबांची खुर्ची त्यांना हवी आहे हे पक्षातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एक जागा आली, एक गेली. टीव्हीवर दुपारभर दोघांचे फोटो शेजारी शेजारी दाखवत होते. माझा फोटो कुठेच नव्हता, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नाही.

घरी गेले, पण बसवेना. डोक्यातून तो आकडा जाईना. मी डोक्याला ओढणी गुंडाळली, स्कुटी काढली आणि इतकी वर्षं शाळेला जात होते त्याच रस्त्यानं तलावटोल्याला गेले.

तलावटोला हा ढिवरांचा, मासेमारांचा टोला, म्हणजे वस्ती. जुना मालगुजारी तलाव, त्याच्या पाळीवर शे-दीडशे घरं. भर उन्हात कुत्रंही बाहेर नव्हतं. सायत्राबाई मारबते तिच्या ओसरीत मोहाच्या टोळ्या फोडून बिया काढत बसली होती. तिची तिन्ही लेकरं माझ्या हाताखाली शिकलेली. मला बघून ती उठली आणि तिनं घाईनं खाट ओढली.

"बाई, तुमी कायले आल्या एवढ्या उन्हाच्या?"

"सायत्राबाई, मी पडले."

"आयकलं."

"इथं मला एकोणतीस मतं पडली. मी भांडायला नाही आले. मला फक्त विचारायचंय. माझ्याकडून काय कमी झालं?"

आतून सायत्राबाईचा नवरा बाहेर आला, दाराशी उकिडवा बसला. शेजारच्या दोन बायका आल्या. मग सायत्राबाईनं हातानं तलावाकडे दाखवलं. पाणी तळाला गेलं होतं. काठाला एक पांढरी पिकअप उभी होती आणि चार-पाच जण बर्फाच्या पेट्यांत मासळी भरत होते.

"ते आमचेच पोट्टे आहेत," ती म्हणाली. "रोजीनं जाळं वढतात. आमच्या आज्यापंज्यापासून तलाव आमच्या सोसायटीकडं होता. तुमाले माहीत आहे."

"माहीत आहे. नंतर लीज पटलेंच्या माणसांकडे गेली, तेही माहीत आहे."

"गेली नाई बाई, नेली. आमची सोसायटी बंद केली कागद बरोबर नाई म्हून. नवी सोसायटी काढली, तिच्यात ढिवराचं एक नाव नाई. आन हे एकट्या आमच्या तलावाचं नाई. तिकडं खांबटोल्याचं तेच, बोडीटोल्याचं तेच."

"मग राग पटलेंवर काढायचा. मी काय केलं?"

सायत्राबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत बोलला. "मी मासोळीच्या हापिसात होतो त्या दिवशी, बाई. आमी सात-आठ जन गेलो होतो हात जोडाले. तिथला साहेब म्हने, माह्या हातात काई नाई, थांबा, तुमच्या आमदारालेच इचारतो. आन त्यानं फोन लावला, सगळ्यायले आयकू जाईन असा. कापगतेसाहेबाचा आवाज आमाले कळते. ते म्हनले, पटलेचं करून टाका."

मी म्हणाले, "दुसरं कुणी असेल."

त्याला माझ्याशी वाद घालायचा नव्हता. त्यावरूनच मला कळलं, की दुसरं कुणी नव्हतं.

"मला का नाही सांगितलं? मी रोज इथं येत होते."

"नवऱ्याची गोष्ट बायकोले कोन सांगते?" सायत्राबाई म्हणाली. "तुमी आमच्या लेकरायले जीव लावला. आमी म्हनलं, पुढच्या बारीले साहेब उभे राह्यले का पाडू. त्याच्या आधी साहेबच गेले. मंग तुमी आल्या हात जोडून, त्याहीचा फोटो घेऊन. आता काय करावं मानसानं?"

"प्रचाराला आले तेव्हा तुम्ही मला पाण्याचा गडू देऊन ओवाळलं होतं."

"ओवाळनारच. तुमी आमच्या बाई आहा." तिनं टोळ्यांची टोपली बाजूला सारली. "त्या एकोनतीसातलं एक माह्यं आहे."

तिनं चहा ठेवला. मी तो पिऊन निघाले.

संध्याकाळी टेंभरेसाहेब आले ते बैठकीच्या तयारीतच आले. दुसऱ्या दिवशी नागपूरला कार्यकारिणी बोलावली होती. मला त्यांनी आपल्याच गाडीत घेतलं. सकाळीच निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूला धानाची रिकामी शेतं तापून पांढरी पडली होती.

"तुला बोलायला सांगतील," साहेब म्हणाले. "पराभूत उमेदवार म्हणून. सरळ सांगायचं. सरनोबत कार्याध्यक्ष असून एका सभेला आले नाहीत. त्यांच्या निरीक्षकानं इथं येऊन फक्त भांडणं लावली. बास. तेवढंच."

"साहेब, मी काल तलावटोल्याला गेले होते."

"कशाला?"

मी सगळं सांगितलं. फोनचंही सांगितलं. ते खिडकीतून बाहेर बघत ऐकत होते.

"एका टोल्यानं निवडणूक जात नाही, बेटा."

"एक टोला नाही, साहेब. ज्या ज्या तलावांवरून ढिवरांना काढलं, तिथं तिथं आपण बुडालो. मी रात्री एजंटांकडून सगळे आकडे मागवून घेतले. मी जेवढ्यानं पडले, त्याहून ही मतं जास्त आहेत."

"असतील."

"मग हेच कारण नाही का?"

"कारण आहे." ते माझ्याकडे वळले. आवाज अगदी घरातल्या माणसासारखा होता. "पण आज तिथं कारण शोधायला कुणी जमत नाहीये. तू नवीन आहेस. ते तलावाचं तिथं काढू नकोस."

नागपूरच्या पक्ष कार्यालयात गाडी थांबली, तेव्हा अंगणात सरनोबतांचे कार्यकर्ते हारतुरे घेऊन उभे होते. त्यांच्या निवडून आलेल्या उमेदवाराला गुलाल लावलेला होता. आमच्या गाडीकडे दोघं-तिघं आले, तेही सवयीनं. साहेब आत गेले. मी पायऱ्या चढत होते, तोच सरनोबत स्वतः समोर आले आणि नमस्कार करून मला बाजूच्या खोलीत घेऊन गेले.

माणूस बोलायला फार गोड. आधी त्यांनी देवानंदची आठवण काढली, सासूबाईंची तब्येत विचारली. मग म्हणाले, "वहिनी, तुमच्यावर अन्याय झाला. एका विधवा बाईला नोकरी सोडायला लावायचं आणि तिला वाऱ्यावर सोडायचं. साहेबांनी त्यांच्या जिल्ह्यात संघटना ठेवलीच नाही, हे तुम्ही अनुभवलंय. तेवढंच सांगा. खरं तेच सांगा."

"खरं सांगितलं तर चालेल?"

"अहो, त्यासाठीच तर बसलोय आपण." ते उठता उठता थांबले. "विधान परिषदेच्या जागा येतीलच आता. पक्ष तुम्हाला विसरणार नाही."

बैठक मोठ्या हॉलमध्ये होती. एसी चालू होता, खिडक्यांना जाड पडदे. मला उजेडातून आल्यावर माणसं ओळखायला वेळ लागला. टेंभरेसाहेब मधल्या खुर्चीवर. उजवीकडे सरनोबत. आणि सरनोबतांच्या मागच्या रांगेत, अगदी त्यांच्या खांद्याशी, गिरधारी पटले. आदल्या दिवसापर्यंत ते टेंभरेसाहेबांच्या गाडीचं दार उघडायला धावत होते.

आधी दोन-चार भाषणं झाली. कुणी म्हणालं निकाल संमिश्र आहे, कुणी म्हणालं संमिश्र नाही, स्पष्ट आहे. मग माझं नाव पुकारलं.

मी उभी राहिले. शाळेत पोरांसमोर उभी राहायची तशीच, हात टेबलावर टेकून. मी सांगितलं, की लोकांनी टेंभरेसाहेबांच्या विरोधात मत दिलं नाही आणि सरनोबतसाहेबांच्या बाजूनंही दिलं नाही. त्या टोल्यांवर या दोघांची नावंही कुणाच्या तोंडात नव्हती. आम्ही ढिवरांचे तलाव काढून घेतले. ते काढून देणारे माझे यजमान होते. घेणारे इथंच बसले आहेत. लोक वाट बघत होते आणि संधी मिळाली तेव्हा त्यांनी आम्हाला पाडलं. तलाव परत केले नाहीत तर अध्यक्ष कुणीही असो, लोक पुन्हा पाडतील. आणि परत करायचे ते मतांसाठी म्हणून नाही, ते त्यांचे आहेत म्हणून.

पटले समोरच्या बाटलीचं झाकण फिरवत होते.

कुणीतरी हळूच म्हणालं, "ताई भावनिक झाल्यात. त्यांना पाणी द्या."

मग सरनोबत उठले. "वहिनींनी मोठं धाडस दाखवलं. त्यांच्या बोलण्याचा अर्थ सरळ आहे. साहेबांच्या स्वतःच्या जिल्ह्यात पक्ष तळागाळापासून तुटलाय. याची जबाबदारी कुणीतरी घ्यायला नको का?"

टेंभरेसाहेब बसूनच बोलले. "कुमुदताईंच्या बोलण्याचा अर्थ असा आहे, की पराभवाची कारणं स्थानिक होती. नेतृत्वाचा प्रश्न यात येतच नाही."

"मी हे दोन्ही म्हटलं नाही," मी म्हणाले.

पण तोवर चौघं एकदम बोलायला लागले होते. जबाबदारी, नेतृत्व, सामूहिक निर्णय, दिल्लीशी बोलणं. मी उभीच होते. माझ्या शेजारच्या बाईंनी माझा पदर ओढला आणि म्हणाल्या, "बसा हो आता, झालं तुमचं." मी बसले. पुढचा सगळा वेळ तलाव हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही.

जेवणाच्या सुट्टीच्या आधी टेंभरेसाहेबांनी राजीनामा दिला. जेवणानंतर सरनोबत अध्यक्ष झाले. त्यांच्या नावाला अनुमोदन द्यायला आमच्या जिल्ह्यातून उठले ते पटले.

परतीच्या गाडीत साहेब आणि मी दोघंच, पुढे ड्रायव्हर. सकाळभर वाजणारा त्यांचा फोन गप्प होता. मधेच तो काढून ते बघत आणि परत खिशात ठेवत. मौद्याच्या पुढे आल्यावर ते आपणहून बोलले.

"देवानंद तयार नव्हता."

मला कळेना. "कशाला?"

"तलावाला. दोन वर्षांमागे सरनोबत अध्यक्षपदाला उभा राहणार होता. पक्षांतर्गत मतदान झालं असतं. आपल्या जिल्ह्यातले प्रतिनिधी पटलेच्या मुठीत होते. माझ्या बाजूनं राहायला पटलेला तलाव पाहिजे होते. मी देवानंदला म्हटलं, करून टाक."

"आणि ते नाही म्हणाले?"

"आठ दिवस माझा फोन घेत नव्हता. मग एक दिवस त्याचाच फोन आला. 'झालं, साहेब' म्हणाला आणि ठेवून दिला. पुन्हा कधी तो विषय काढला नाही त्यानं."

मला ते दिवस आठवले. तेव्हापासून देवानंद तलावटोल्याच्या रस्त्यानं जात नसत. पलीकडच्या गावाला जायचं असलं तरी ते हायवेनं लांबचा फेरा घालत. मी एकदा विचारलं, तर रस्ता खराब आहे म्हणाले. मी रोज त्याच रस्त्यानं शाळेत जात होते. रस्ता चांगला होता.

"तुमचं अध्यक्षपद टिकावं म्हणून तलाव गेले," मी म्हणाले. "आणि तलाव गेले म्हणून तुमचं अध्यक्षपद गेलं."

साहेबांनी डोळे मिटले. "असंच असतं हे, बेटा. आज पटले कुठं बसला होता, पाहिलंस ना?" थोड्या वेळानं ते झोपी गेले. झोपेत त्यांचं तोंड उघडं पडलं आणि ते एकदम म्हातारे दिसायला लागले. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण शेजारी बसलेल्या त्या माणसाकडे रागावण्याजोगंही काही उरलं नव्हतं.

नंतरचं थोडक्यात सांगते. नोकरीवर परत घ्या म्हणून मी खेटे घातले. राजीनामा स्वखुशीनं दिला होता, तो मागे घेता येत नाही, असं उत्तर मिळालं. इतक्या वर्षांची नोकरी गेली आणि तिच्यासोबत पेन्शनही. विधान परिषदेच्या जागा आल्या आणि गेल्या. पुढच्या निवडणुकीत लाखेगावात पक्षानं गिरधारी पटलेंना उभं केलं. लोक पुन्हा पाडतील, असं मी भर बैठकीत सांगितलं होतं. पटले निवडून आले. तोवर टोल्यांवर मत द्यायला माणसंच फारशी राहिली नव्हती. पोरं कमी झाली म्हणून माझी शाळाही बंद झाली. मी आज लाखेगावात माझ्या घरी शिकवण्या घेते.

पण सायत्राबाईला मी शेवटची भेटले ती नागपूरच्या बैठकीच्याच आठवड्यात. चौकात नव्या अध्यक्षांच्या अभिनंदनाचे फलक लागले होते आणि पटलेंची मिरवणूक निघणार होती. मी मागच्या गल्लीनं निघून तलावटोल्याला गेले. सायत्राबाईच्या अंगणात भांडी पोत्यात भरलेली होती. तिचा नवरा खाट उलटी करून दोरीनं बांधत होता.

"कुठं निघालात?"

"हैद्राबादेकडं. बिल्डिंगच्या कामावर. पोट्ट्याच्या वळखीचा मुकादम आहे." तिनं मला बसायला उलट्या टोपलीकडे बोट दाखवलं. "तुमी नागपूरले गेल्या होत्या म्हनतात. सांगितलं का तिथं आमचं?"

"सांगितलं. सगळ्यांसमोर."

"मंग?"

"अध्यक्ष बदलला."

"कोनाचा?"

"पक्षाचा. टेंभरेसाहेब गेले, दुसरे आले."

तिनं हातातलं काम थांबवलं. "हा दुसरा तलाव देईन का?"

"नाही. पटले त्याच्याकडेच आहेत."

"मंग आमच्या मतानं एवढंच झालं?"

"एवढंच झालं."

तिनं पोत्याचं तोंड आवळलं आणि सुतळीला गाठ मारली. "आमाले वाटलं होतं," ती म्हणाली, "पाडलं का कोनीतरी इचाराले येईन, काहून पाडलं म्हून."

मी तिला दुसरं पोतं धरून दिलं.

"एक तुमीच आल्या, बाई," ती म्हणाली. "आन तुमी तं पडल्या."